पाहिले किती, ऐकले किती

प्रा. मालती वर्तक यांना मी प्रथम पाहिले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात. त्या दिवशी त्या आमच्या वर्गाला एक कथा शिकवत होत्या. मिठागरवाल्यांच्या घरातली तरुण विधवा, तिथे कामाला येणारा परजातीचा माणूस, आणि एका सकाळी तिचे घरातून नाहीसे होणे. ही सारी हकिकत तिचा दीर सांगतो. वर्गात लगेच तट पडले. कुणी तिला दोष दिला, कुणी समाजाला. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले ‘दिराने पाहिले’, दुसऱ्या बाजूला ‘दिराने ऐकले’. “आता एकेक वाक्य घ्या. कुठे जाईल ते सांगा.”

तास संपला तेव्हा ‘ऐकले’ची बाजू भरून गेली होती. ‘पाहिले’खाली एवढेच होते: तिने त्याला पाणी दिले, सकाळी ती घरात नव्हती. ती दोघे कथेत एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत. ज्या प्रेमावरून आम्ही भांडलो, ते सगळे दिराच्या तोंडून उभे राहिले होते. आधी रचना पाहावी, निवाडा मागाहून, हा बाईंचा आग्रह. काही सहकाऱ्यांना तो कोरडा वाटे, अजूनही वाटतो.

पुढच्याच महिन्यात गावची काही मंडळी प्राचार्यांकडे आली. मुलींना असले शिकवू नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांत माझे वडीलही होते. आमचे घर मूळचे मिठागराचे. माझी आत्या परजातीच्या माणसाबरोबर गेली, तेव्हापासून घरात तिचे नाव निघत नव्हते.

बाई त्यांना आमच्या वर्गात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “कथा ऐका, मग बोलू.” आणि वाचायला त्यांनी मलाच उभे केले. मी घाईघाईने वाचू लागले. “सावकाश वाच,” एवढेच त्या म्हणाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, “ती त्या माणसाबरोबर गेली, हे कुणी पाहिलं?”

वडिलांनी माझ्या हातातली कथा मागून घेतली, पाने चाळली. मग म्हणाले, “कोनी नाय. दीर सांगतंय.”

“त्याला कुणी सांगितलं?”

“तेही नाय लिवलं.”

मंडळींचे समाधान झाले नाही. त्या वर्षी ती कथा वगळण्यात आली. बाईंनी प्राचार्यांपुढे लेखी विरोध नोंदवला आणि त्यानंतर विभागप्रमुखपदासाठी त्यांचा विचार कधी झाला नाही. याबद्दल त्यांनी आमच्यापाशी तक्रारीचा शब्द काढला नाही.

एका संध्याकाळी घरी वडिलांनी आईला विचारले, “ताई गेली, तवा तू काय बगितलंस?” आई म्हणाली, “मी कुटं व्हते? भावोजींनी सांगितलं तेवरंच.” भावोजी म्हणजे माझे धाकटे काका. वडील म्हणाले, “मलाबी त्यानंच सांगितलं.” रविवारी ते रोडपालीला आत्याकडे गेले. तिच्या तोंडून त्यांना पहिल्यांदाच कळले की ती कुणाला न सांगता गेलीच नव्हती. धाकट्या काकांना सांगून, त्यांच्या हाती निरोप ठेवून ती गेली होती. तो निरोप काकांनी पोचवला नव्हता.

त्या गणपतीत आत्या माहेरी आली. काका त्या दिवशी घरी थांबले नाहीत. बाईंना आम्ही जेवायला बोलावले होते. त्या आल्या, वालाची उसळ मागून घेतली, आत्याला काहीही विचारले नाही. निघताना वडील म्हणाले, “मॅडम, तुमच्या गोष्टीनं आमची बहीन आनली.”

बाई म्हणाल्या, “गोष्ट तिच्या शेवटच्या वाक्याला संपली, पाटील. रोडपालीला तुम्ही गेलात.”

पुढे मी त्यांच्याच हाताखाली प्रबंध लिहिला आणि त्याच विभागात शिकवू लागले. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे सगळे तास घेतले आणि कुणाला तसे जाणवूही दिले नाही. स्तुतीने त्यांना अवघडल्यासारखे होते, म्हणून हा लेख घडले तेवढेच सांगून थांबवते.

बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना दीर्घकाळ साथ देवोत, कथेवरचे त्यांचे अर्धे राहिलेले पुस्तक त्यांच्या हातून निवांतपणे पुरे होवो, आणि शंभरीपर्यंत त्यांच्याशी वाद घालायला आम्हांला मिळो. आत्याने सांगून ठेवले आहे, “बाईंना सांग, आता जेवान रोडपालीला, माज्या घरी.”