फ्रिजवरचं प्रमाणपत्र

शिरीष गेल्याचा मेधावहिनींचा फोन आला, तेव्हा मी सुपरमार्केटच्या दारात खिशातला मास्क शोधत होतो. "सकाळी उठलेच नाहीत हो..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला सहा आठवडे झाले. रडून झालं आहे. आता तो आठवला की बहुधा हसूच येतं.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकमध्ये आम्ही शेजारी. पहिल्या लॉकडाउनमध्ये ऑफिस घरी आलं आणि शिरीषची संध्याकाळची बाटली दुपारवर आली. एकदा त्याने तशीच गाडी काढली आणि उभ्या सायकलींच्या रांगेत घातली. तिथे माणूस नव्हता, नशीब! पण खटला उभा राहिलाच. वहिनींना तुरुंगापेक्षा धास्ती होती ती हा पिणं कधी थांबवणारच नाही याची.

मी मराठी मंडळाचा सचिव. अडल्यानडल्याला कॅरॅक्टर सर्टिफिकेट द्यायची आपली जुनी खोड! मीही मंडळाचा शिक्का मारून लिहून दिलं : 'हे गृहस्थ दारूला शिवतही नाहीत.' द हेगच्या कोर्टात सोबत एकालाच परवानगी होती, म्हणून मीच गेलो. शिक्षा स्थगित ठेवून व्यसनमुक्तीचे उपचार द्यावेत, असा प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल न्यायाधीशबाईंपुढे होता. त्यांनी माझं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मग उपचार कशावर करायचे?"

शिरीष उठला. "मॅडम, हे पत्र खोटं आहे. मी रोज पितो. मला मदत हवी आहे..." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शिक्षा टांगती राहिली, लायसन्स गेलं, उपचार सुरू झाले. साथीमुळे समुपदेशन लॅपटॉपवर, दर मंगळवारी. शिरीष सायकलवरून भाजी आणू लागला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा प्यायला, आणि त्याने स्वतःच फोन करून समुपदेशकबाईंना ते सांगितलं. माझ्या पत्राची प्रत मात्र त्याने फ्रिजवर लावली होती. खाली पेन्सिलीने लिहिलेलं : 'अजून नाही.'

"सेक्रेटरी, तुझी थाप निस्तरतोय रे," असं म्हणून मला चिडवायचा.

परवा वहिनींकडे चहाला गेलो. पत्र तिथेच होतं, पेन्सिलीचे शब्द नव्हते.

"कधी खोडलं?"

"गेल्या दिवाळीत. घसरले त्याला वर्ष झालं तेव्हा. तुम्हाला सांगू नको म्हणाले, भाव खाईल म्हणे सेक्रेटरी."

मी चहा घेत पत्र पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.