मुकुंदवाडीत ऐकलेली अकरावी रचना

मनमाडला गाडी बदलली तेव्हा फोन माझ्या पिशवीच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली होता. मी तो मुद्दामच तिथे दडवला होता. आदल्या रात्री बारा वाजता एका चित्रपटाचं संगीत प्रसिद्ध झालं होतं, आणि सकाळपर्यंत माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते ऐकूनही टाकलं असणार. चित्रपट पडद्यावर यायला अजून तीन आठवडे होते. पाठीवर अख्खी गावं घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची ती गोष्ट. तीन वर्षं लोक तिची वाट पाहताहेत. तिचं संगीत पन्नासेक वादकांनी वाजवलं आहे आणि त्यांच्यात मी आहे.

मी व्हायोला वाजवते. दिसायला व्हायोलिनसारखंच, पण जरा मोठं आणि आवाजाने जाड असं हे वाद्य. एरवी ताफ्यात आम्ही मधल्या रांगेत बसतो आणि आमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गेल्या वर्षी मुंबईतल्या ध्वनिमुद्रणात मात्र संगीतकाराने मला एकटीला उभं केलं. अकराव्या रचनेत, पक्षी म्हातारा होऊन गाव खाली उतरवतो त्या जागी, अर्ध्या मिनिटाची सुरावट माझ्याकडून चार वेळा वाजवून घेतली आणि काचेपलीकडून अंगठा दाखवला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटी वाजवलेलं काहीतरी लोक ऐकणार होते.

ते पहिल्यांदा साळवे मास्तरांबरोबर ऐकायचं, असा शब्द मी फोनवर दिला होता. म्हणून ही नाशिकहून छत्रपती संभाजीनगरची फेरी. माझ्या वडिलांची बँकेतली बदली झाली तेव्हा आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. सिडकोतल्या घरातून मी सायकलवर मुकुंदवाडीला मास्तरांकडे शिकायला जायची. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, पण घरात एक जुनं व्हायोलिन होतं. माझ्या हातात पहिल्यांदा गज दिला तो त्यांनी.

नांदगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. वेचणी चालू होती. तुरीला पिवळी फुलं आली होती. माझ्यासमोर लासूरच्या एक बाई बसल्या होत्या. कुठे उतरणार म्हणून त्यांनी विचारलं.

"मुकुंदवाडी."

"मग ह्या डब्यात काहून बसल्या? फलाट पुरत नाय तिथं. पुढच्या डब्यात जा."

मी हो म्हटलं आणि बसून राहिले. खिडकीची जागा सोडवत नव्हती. दौलताबादच्या अलीकडे किल्ला दिसायला लागला की डब्यातली माणसं अजूनही खिडकीकडे सरकतात, मीही खिडकीला नाक लावलं. शहराचं मोठं स्टेशन गेलं, गाडी निम्मी रिकामी झाली, आणि दहा मिनिटांत मुकुंदवाडी आली. लासूरच्या बाईंचं खरं होतं. माझ्या डब्यापाशी फलाट नव्हता. पिशवी आधी खाली टाकून मी खडीवर उडी मारली आणि डावा पाय मुरगळला.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने माझ्या लंगडण्याकडे पाहून विचारलं, "किधर जाना मॅडम?" पत्ता सांगितला तर म्हणाला, "अरे, ये तो इधरीच है. चलके जाते लोगां." तरी त्याने मला नेलं, आणि दारात उतरवून पिशवीही आत दिली.

मास्तरांचं घर आता पक्कं आहे. दर्शनी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली क्लॅरिनेटची काळी पेटी. मास्तर पंचाहत्तरीचे झालेत. पुढचे दात गेल्यापासून क्लॅरिनेट बंद आहे. "दात नाय तर फुंक धरत नाय," ते म्हणाले. साळवे काकूंनी माझा पाय बघितला आणि न विचारता हळदीचा लेप आणून लावला. सून संगीता शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिने अर्धी सुट्टी टाकली होती. तिचा नवरा ड्यूटीवर गेलेला.

या घरात चित्रपटाची सर्वांत जास्त वाट संगीताच पाहत होती. झलक तिला पाठ होती. कोणता पक्षी कुणाच्या बाजूचा, कोणतं गाव आधी पडतं, हे तिने मला हात धुतानाच सांगून टाकलं. "पण ताई, आम्ही गाणं आजून ऐकलं नाय बरं का. रात्रीपासून हात लावला नाय. बाबांनी दम दिलता."

आधी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि येसर (धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ) घातलेली दाट आमटी. आमटी इतकी झणझणीत होती की मला नाक पुसत जेवावं लागलं. काकू खूश झाल्या. मग शेजारच्या दोघी बाया आल्या, सतरंजी अंथरली, आणि संगीताने हातभर लांबीचा स्पीकर मास्तरांच्या खुर्चीसमोर स्टुलावर ठेवला.

एकूण अठरा रचना. पहिलीत नुसते ढोल आणि पितळी वाद्यं होती. मास्तर पुढे वाकून ऐकत होते. "कर्णे चांगले लावलेत," ते म्हणाले. तिसऱ्या रचनेत आम्ही व्हायोलावाले एकच सूर दोन मिनिटं धरून बसलेलो असतो. मी हे सांगितल्यावर शेजारणी तो सूर शोधत एकमेकींकडे बघत राहिल्या. पाचवी लागली तेव्हा संगीता, "इथं पक्षी जागा होतो," म्हणून उठून उभीच राहिली. आठवी-नववीत काकूंना पेंग आली. दहावी संपता संपता संगीताने त्यांना हलवलं. "आत्या, उठा. ताईची येऊ राहिली."

अकरावी सुरू झाली. तंतुवाद्यांचा हलका पडदा, मग शांतता, मग ती सुरावट.

सूर तेच होते, पण मी वाजवलेले नव्हते. तिथे चेलो होता. माझ्या वाद्याचा थोरला भाऊ म्हणावा असा, मांडीशी उभा धरून वाजवायचा. माझं अर्धं मिनिट काढून त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेतलं होतं, आणि मला कळवावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

"हे तुम्ही?" संगीताने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. काकू बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

टाळ्या झाल्या. मास्तर म्हणाले, "परत लाव." संगीताने लावली. "अजून एकदा." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "चांगलं वाजवलंय." मग काकूंनी आतून एक जांभळी शाल आणली. त्यांनी ती गुलमंडीच्या बाजारातून खास आणली होती. मास्तरांनी ती माझ्या खांद्यावर घातली. फोटो निघाले. उरलेल्या सात रचना कशा होत्या हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

उन्हं कलल्यावर मास्तरांनी काठी घेतली. "पाय चालत असंल तर चल रुळापर्यंत." आम्ही हळूहळू निघालो, ते काठीवर आणि मी लंगडत. रुळापलीकडे इथल्याच सातारा गावाचे डोंगर तांबूस दिसत होते. मास्तरांनी एक मालगाडी जाऊ दिली आणि मग विचारलं.

"मीनल, तुझ्या वाद्याची खालची तार पांढरी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला) संपती ना? तूच मागं फोनवर सांगितलं."

"हो, मास्तर."

"मग ते त्याच्या खाली कसं गेलं?"

मग सगळं सांगितलं. ते चार वेळा वाजवणं, तो अंगठा, सकाळपासून तळाशी ठेवलेला फोन. रडू आलं तेही आवरलं नाही. आजूबाजूला तीन-चार बकऱ्या होत्या, त्यांचा संकोच वाटण्याचं कारण नव्हतं.

"मला पहिल्यांदा संशय आला," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यांदा खात्री झाली."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आवडलं म्हणून लावायला लावलं. लई ग्वाड वाजवलंय त्या माणसानं."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, हे लिहून ठेवते.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी किल्ल्याजवळ एका चित्रपटाचं शूटिंग झालं होतं आणि वरातीच्या दृश्यासाठी यांच्या बँडला बोलावलं होतं. सहा महिन्यांनी अख्खं घर टॉकीजला गेलं. पडद्यावर बँड आला तो नुसता पायांचा. कॅमेरा गुडघ्याच्या वर गेलाच नाही.

"तुझी काकू थेटरात वरडली, हे बघा आमच्या ह्यांचे बूट! तेवीस जणांत बूट वळखले तिनं. आजपावतर पाव्हण्यारावळ्यांना सांगती."

"मग, ओळखले तर ओळखले."

"मी त्या रांगेत नव्हतोच गं. माझी रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाची फुंकायची पट्टी) चिरली होती. मी मागं चिंचेखाली बसून होतो." त्यांनी काठीने खडीतला एक दगड बाजूला सारला. "तिला आजून सांगितलं नाय. चाळीस वर्षं झाली. दरवेळी ती बूट सांगती अन् दरवेळी मला चिंच दिसती. तू काय करायचं ते तुझं तू बघ."

घरी आलो तेव्हा काकू कुकर लावत होत्या आणि संगीता फोन घेऊन ओट्यापाशी उभी होती. मी शालीची घडी घालून ती पुढे धरली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. दुपारी वाजलं ते मी नव्हते. माझं काढून टाकलंय. मी खोटं बोलले.

संगीताचा चेहरा आधी समजलं नाही असा झाला, मग लाल झाला. "काय ताई! मी तर कारखान्यात माझ्या लायनीवरच्या सगळ्या बायांना पाठवलं. तुमच्या फोटोसकट. आता काय तोंड दाखवू उद्या? हसतील ना मला."

तिचं बरोबर होतं. दुपारी हो म्हणताना मी फक्त माझा विचार केला होता.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "दे फोन."

तिने जरा वेळ दिला नाही. मग दिला. मी तिच्या कारखान्याच्या ग्रुपवर माझ्या आवाजात निरोप ठेवला. माझं नाव सांगितलं. या चित्रपटात इतरांबरोबर मी वाजवलं आहे, पण मघाशी पाठवलेला एकटीचा भाग दुसऱ्या कुणीतरी वाजवलेला आहे, संगीताला मी चुकीचं सांगितलं, तिचा यात दोष नाही. एवढं बोलून फोन परत दिला.

संगीता स्क्रीनकडे बघत राहिली. "मग तुमचं कसं होतं?"

"तीच सुरावट. फक्त वरच्या सप्तकात."

"म्हणून दाखवा की."

"मी गाणारी नाही गं."

"वाजवायला आणलं का? नाय ना? मग म्हणा." तिने रेकॉर्डिंग सुरूच केलं.

मी सुरावट म्हटली. मास्तर मांडीवर मात्रा मोजत होते. शेवटच्या लांब सुराला कुकरने शिट्टी दिली आणि काकू घाबरून गॅसकडे धावल्या. संगीताने ते आहे तसं पाठवून दिलं. दोन मिनिटांत एका बाईचं उत्तर आलं, ते तिने मोठ्याने वाचलं. "ताईचा आवाज बरा हाय, पण कुकर टायमावर वाजला." मग मात्र ती हसली. पूर्वीसारखी मोकळी नव्हे, पण हसली.

काकूंनी घडी घातलेली शाल उचलून माझ्या पिशवीत कोंबली. "दिलेलं परत घेतात व्हय? नाशकाला थंडी असती." मास्तर खाली मान घालून बसले होते. ते बूट आणि चिंच काकूंना सांगतील का, ते मला अजून माहीत नाही.

सकाळी धपाटे (ज्वारी-बेसनाच्या पिठाची मसालेदार जाड पोळी) आणि दही खाऊन निघाले. या वेळी मुकुंदवाडीला उभं न राहता रिक्षाने मोठ्या स्टेशनला गेले, वाटेत आईसाठी जिलबीसारखी इमरती घेतली. पाय सुजला होता. गाडी सुटल्यावर पिशवीतून फोन काढला, इयरफोन कानात घातले आणि पहिल्यापासून अठराही रचना ऐकल्या. अकरावी आली तेव्हा गाडी कापसाच्या रानातून जात होती. मी दात आवळून ऐकायला बसले होते. सुरावट उतरत गेली, माझी खालची तार संपते तिथे पोहोचली आणि थांबली नाही, तिच्याही खाली गेली. गाव जमिनीला टेकतं ते तिथे. माझ्या वरच्या सप्तकात ते गाव अर्ध्या हवेतच राहिलं असतं. त्यांनी मला कळवायला हवं होतं, ही तक्रार माझी आहे आणि राहील. पण तिथे चेलोच हवा होता, हेही खरं आहे.

नाशिकला घरी पोहोचले तर आई व्हरांड्यातच बसली होती. मास्तर कसे आहेत, काकूंचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "आता तुझं ऐकव."

"माझं काढून टाकलंय त्यांनी, आई. पण तू हे ऐक."

इयरफोन तिच्या कानात घालून मी अकरावी लावली. ती डोळे मिटून बसली. संपल्यावर तिने डोळे उघडले.

"कुणी वाजवलंय गं?"

"माहीत नाही."

"छान वाजवलंय हो. विचार की कुणाला तरी."

फोनवर रचनांच्या खाली वादकांची नावं दिलेली असतात. यादी लांबलचक होती आणि अक्षरं बारीक. मी चष्मा लावला आणि चेलोवाल्यांची नावं शोधायला सुरुवात केली.