लळा न लावण्याची अट

सोफेवालीला किळस म्हणून येत नसे. धंदाच तसा. लोकांचे जुने सोफे उसवायचे, आतला कुजका स्पंज ओढून काढायचा आणि त्याच्यासोबत जे काही बाहेर येईल ते पाहून न पाहिल्यासारखं करायचं. केसांचे गुंते, नखं, चघळून चिकटवलेल्या गोळ्या, वाळलेली झुरळं, एकदा तर उंदरीण आणि तिचं अख्खं बाळंतपण! नवरा टेम्पोतून सोफा आणून टाकायचा आणि नाकाला रुमाल लावून पळायचा. ही मात्र कोपरापर्यंत हात आत घालायची आणि वर म्हणायची, "अहो, माणसांचीच घाण आहे, चावत नाही." अशा बाईला आयुष्यात पहिल्यांदा मळमळलं ते कोर्टात. आणि तिथे तर रोज फिनेल टाकून फरशी पुसतात.

त्याचं काय झालं, टाचणी तिच्याकडे आली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आल्या आल्या पोरीने दुकानातलं मोठं लोहचुंबक हातात घेतलं आणि फरशीवरून फिरवत सांडलेल्या टाचण्या नि खिळे गोळा करायला बसली, तेव्हापासून ती टाचणी. आई वारलेली. बाप कुठे होता ते बापालाच ठाऊक. बालकल्याणच्या ऑफिसाने पोर या नवराबायकोकडे सांभाळायला दिली आणि तीनतीनदा बजावलं, की हे दत्तक नाही. सांभाळायचं, शाळेत घालायचं, आणि ऑफिसाने मागितलं की परत करायचं. लायब्ररीचं पुस्तकच जणू!

ऑफिसातून भेटीला एक मॅडम यायची. ती डब्यांची झाकणं उघडायची, गादी उचलून खाली बघायची, आणि पोरीच्या डोक्यात नाक खुपसून वास घ्यायची. बाजारात खरबूज हुंगावं तसं. जाताना दारात चपला घालता घालता तिचं एकच पालुपद, "लळा लागू देऊ नका हं. लळा लागलेली घरं पुढे फार त्रास देतात." ऐका आता! पोर तापाने फणफणली की मांडीवर घ्यायची, शाळेत रडली की धावत जायचं, तिचे पडलेले दात जपून ठेवायचे, पण लळा? छे, छे! पाण्यात उतरा, पण ओलं होऊ नका. सोफेवाली मान डोलवायची. मॅडमची पाठ वळली की टाचणी विचारायची, "मावशी, ती मला हुंगते का गं? मी अंघोळ केलीय ना? तूच घातलीस ना?"

"तिला सवय आहे बाळा," सोफेवाली म्हणायची. "नाक आहे ना मोठं, कुठेतरी वापरायला नको?"

पोर दुसरीत गेली. तेव्हा ऑफिसाला अक्कल आली, की दर थोड्या महिन्यांनी मुदत वाढवत बसण्यापेक्षा कोर्टाकडून एकदाच काय ते ठरवून घ्यावं. म्हणजे अठरा वर्षांची होईपर्यंत एकच घर, एकच पत्ता. सोफेवालीला आभाळ ठेंगणं झालं. नवऱ्याने तर टाचणीचा पलंग करायला घेतला. आणि नेमकी तेव्हाच, कुठून कोण जाणे, आत्या उगवली.

बापाची सख्खी बहीण. इतकी वर्षं भाची जिवंत आहे की मेली, याची विचारपूस नाही. फोन नाही, निरोप नाही. आणि आता एकदम रक्ताचं नातं उसळून आलं! का, ते तिने स्वतःच कोर्टाच्या व्हरांड्यात कुणालातरी फोनवर सांगितलं, सोफेवाली शेजारच्याच बाकावर बसलेली असताना. "अगं, माझी जुळी आवरत नाहीत. आया टिकत नाही. ही आता मोठी आहे, बघेल दोघांनाही. घरचीच पोर, ओरडलं तरी सोडून जाणार कुठे?"

शी! नुसतं आठवलं तरी तोंड कडू व्हावं. त्या पहिल्या तारखेला आत्याने टाचणीसाठी बाहुली आणली होती, चकचकीत खोक्यातली. पोरीने खोकं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. तारीख पुढे ढकलली गेली तशी आत्याने ते अलगद काढून घेतलं. "पुढच्या वेळी लागेल ना," म्हणाली. टाचणी बघतच राहिली. पूतनामावशीचं प्रेम परवडलं, तिने निदान हातात दिलेलं परत तरी नेलं नसतं.

ऑफिसाने यांच्या बाजूने एक वकीलबाई दिली होती. वाईट नव्हती बिचारी, हुशार होती. सतत खोकल्याची गोळी चघळायची आणि गोळी या गालातून त्या गालात गेली की नवा मुद्दा काढायची.

"त्यांचा वकील एकच गोष्ट म्हणणार," तिने सांगितलं. "तुम्ही पोरीला लळा लावलात, रक्ताच्या माणसांपासून तोडलंत. जजबाईंना तेवढं पटलं तर पोर गेली. त्यामुळे तुमच्या तोंडून 'माझी मुलगी' निघता कामा नये. ही तुमची कोण असं विचारलं, तर कोणी नाही. सांभाळायला दिलीय, सांभाळतो. बस."

"पण पोर तिथे असेल तर?"

"नसेल. मुलं बाहेर बसतात."

"आणि असलीच तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" वकीलबाई वैतागली. "जर-तर करू नका हो."

नवऱ्याने समोरच्या बाकावरच्या खऱ्या आत्याकडे एकदा निरखून बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. सोफेवालीला हसू आलं नाही. "मी पोरीला आधी सांगून ठेवते," ती म्हणाली, "की मावशी आत जे बोलेल ते खरं धरू नकोस."

वकीलबाईची गोळी घशात अडकायची राहिली. "अजिबात नाही! जजबाई मुलांना हमखास विचारतात, घरून काय सांगून आणलंय म्हणून. ती पटकन बोलून गेली की संपलंच सगळं. एक अक्षर सांगू नका."

तिने नाही सांगितलं. रात्री वेणी घालताना शब्द ओठांवर आला आणि गिळला. पोर हातची जाईल या भीतीने भल्याभल्यांची मती गुंग होते, ही तर साधी शिवणारी बाई.

आणि निकालाच्या दिवशी जजबाई निघाल्या प्रेमळ! देव अशा प्रेमळ माणसांपासून वाचवो. "मुलीला बाहेर उकाड्यात का बसवलंय?" त्या म्हणाल्या. "आणा आत. हे घे बाळ, खडू, कागद. बस माझ्याजवळ, चित्र काढ." टाचणी टेबलाच्या कडेला स्टुलावर बसली आणि मान खाली घालून रंगवायला लागली. सोफेवालीने वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईने कागदांत डोकं घातलं.

मग सुरू झालं. आत्याच्या वकिलाने घसा साफ करून रक्ताच्या नात्यावर असं काही भाषण ठोकलं, की जणू टाचणीला आजवर कुत्र्यामांजरांनी वाढवलं होतं. मुलीच्या मनावर कब्जा, म्हणाला. मालकी हक्काची भावना, म्हणाला. आत्याने चष्मा काढून डोळे पुसले. डोळे ठणठणीत कोरडे होते, पुसली ती काच. पोर चार हातांवर बसलेली, आणि ही मोठी माणसं तिच्याबद्दल अशी बोलत होती, जशी काही ती लिलावातली खुर्ची. कुणाला लाज नाही, कुणाचं जीभ चावणं नाही.

जजबाई तिच्याकडे वळल्या. अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, खरं सांगा. ही तुमची कोण?"

वकीलबाईचं कोपर बरगडीला लागलं.

"कोणी नाही," सोफेवाली म्हणाली.

एवढ्यावर थांबायचं ना! पण जजबाईंनी मान हलवली, वकीलबाईचा श्वास सुटला, आणि चाललंय ते बरं चाललंय असं वाटून हिची जीभ सुटली. जिभेला काय हाड असतं? "ऑफिसाने दिलीय म्हणून सांभाळते, साहेब. काम आहे ते. आम्ही काही लळाबिळा लावलेला नाही. उद्या दुसरीकडे न्यायची म्हणालात तरी आमची हरकत नाही." सरसर, सरसर बोलून गेली. हे कोण बोलतंय, असं तिचं तिलाच वाटलं. स्टुलावरचा खडू थांबला होता. पोरीने मान वर केली नाही.

निकाल लागला. जजबाईंनी आत्याला विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात? आत्या आपल्या वकिलाकडे बघायला लागली. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत याच घरी राहील, असा हुकूम झाला. वर जजबाई कौतुकाने म्हणाल्या, "या बाईंनी योग्य अंतर राखलं. मालकी सांगितली नाही. म्हणूनच यांच्यावर विश्वास टाकता येतो." वकीलबाईने पाठीवर थाप मारली, "बघा, म्हटलं होतं ना?" आत्या बाहुलीचं खोकं काखोटीला मारून, वकिलावर डाफरत निघून गेली.

सोफेवाली धावत कोर्टाच्या संडासात गेली आणि भडाभडा ओकली. मेलेल्या उंदरांना हात लावणारी बाई! नळ सोडून तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, खळखळून चुळा भरल्या. तरी तोंडाची चव जाईना. कुणाची किळस येत होती, ते तिला पक्कं माहीत होतं. आत्याची नव्हे. आत्या निदान जे होती ते उघड होती.

टेम्पोत टाचणी दोघांच्या मध्ये बसली. नवरा पलंगाला कोणता रंग द्यायचा ते विचारत राहिला. पोर "कोणताही" म्हणाली.

घरी आल्यावर तिने चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि उंबऱ्याच्या आत, पायपुसण्यावरच उभी राहिली.

"पाणी घेऊ का?" तिने विचारलं.

या घरात ती पाण्याला कधीच विचारत नव्हती. सोफेवाली पुढे आली. "अगं, विचारतेस काय? तुझंच घर आहे. आता तर कोर्टानेच सांगितलंय."

"हो. मी ऐकत होते."

सोफेवाली तिच्यासमोर खाली बसली. तिने पोरीचे दोन्ही हात धरले. हात सैल, धरू दिले म्हणून धरलेले. "ते सगळं खोटं होतं, बाळा. देवाशप्पथ खोटं. तसं बोलले नसते, तर तुला घेऊन गेले असते. तू माझी आहेस. फक्त माझी. कळतंय ना?"

टाचणीने तिच्याकडे नीट बघितलं. रुसवा नाही, रडणं नाही.

"मग आत्ता खरं बोलताय कशावरून?"

नवऱ्याने दारातच टेम्पोची किल्ली या हातातून त्या हातात केली. पोर ओट्याशी गेली, अर्धाच ग्लास पाणी प्यायली, ग्लास विसळून पालथा घातला आणि ओले हात आपल्याच फ्रॉकला पुसत परत येऊन समोर उभी राहिली.

"आता काही काम आहे का?" तिने विचारलं.