भागूबाईची तबकडी

पाथर्डीच्या जुन्या स्टँडमागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान, आणि त्याला खेटून कानिफनाथचं कॉम्प्युटरचं. मधे नुसती पत्र्याची भिंत. तो शिंकला तरी मला कळायचं. सत्त्याण्णव साली आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे अप्रूपच. लोक चपला बाहेर काढून आत जायचे. कानिफनाथही त्यांना अडवायचा नाही. धूळ कमी येते म्हणायचा.

माणूस गोड, पण हट्टी. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा हा वसतिगृहात शिकला, नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका कचेरीने मोडीत काढलेलं यंत्र टेम्पोत घालून घेऊन आला. त्यावर तो अर्ज टाइप करायचा, लग्नपत्रिकांचे मजकूर जुळवायचा. कुणी विचारलं, की कानिफ, हे यंत्र काय काय करतं, तर म्हणायचा, "सगळं करतं." मला या उत्तराचा राग यायचा. सगळं करणारी वस्तू मी तरी आजवर पाहिलेली नाही.

दुकानामागेच त्याचं घर. बाप अजूनही दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचा. घरात आई पुष्पावतीवहिनी आणि मावसबहीण वृषाली. वृषालीची आई भागूबाई ही वहिनींची धाकटी बहीण. ती दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा वहिनींनी पोरीला आपल्याकडे आणलं. भागूबाईचा गळा असा, की लग्नघरी हळद दळायला तिला मुद्दाम जीप पाठवून न्यायचे. ती जात्यावर बसली की बायका हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या. पण मागे राहिलं काय? मतदानाच्या ओळखपत्रावरचा एक फोटो, ज्यात ती स्वतःलाच ओळखू आली नसती.

त्या वर्षी गणपतीत पुण्याहून एक पाकीट आलं. भागूबाई जिवंत असताना एक संशोधक बाई गावात येऊन तिच्या ओव्या रेकॉर्ड करून गेल्या होत्या. त्यांनी आठवण ठेवून एक चकचकीत सीडी पाठवली होती. सोबत दोन ओळी: ओव्या यात भरल्या आहेत, ही तबकडी फक्त कॉम्प्युटरवर ऐकता येईल. बाई स्वतः परदेशी निघाल्या होत्या. कानिफनाथने फोन लावला तेव्हा त्या गेल्याही होत्या, टेपांसकट, आणि तिकडचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

वृषालीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. वहिनींनी पाकीट छातीशी धरून गल्लीतल्या बायकांना सांगून टाकलं, "वृषीची हळद तिच्या आईच्या आवाजात दळायची. कानिफाचं मशीन जात्याशेजारी मांडायचं." वृषाली उठली. आत गेली आणि रडली. पत्र्याच्या भिंतीला काय, सगळंच ऐकू येतं.

यंत्राला सीडीचा कप्पा होता. बटन दाबलं की तो जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. पण आपल्याला असा कप्पा आहे, हे यंत्रालाच ठाऊक नव्हतं. आषाढात व्हायरस शिरला म्हणून नगरच्या एका मेकॅनिकने आतलं सगळं पुसून नव्याने भरलं होतं, त्यात सीडीचा ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर म्हणजे काय, हे कानिफनाथने मला पुन्हा पुन्हा समजावलं. तो एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो असला तर यंत्र त्या कप्प्याशी बोलतं, नसला तर कप्पा म्हणजे रिकामा डबा. तो ज्याचा त्याला लागतो, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. त्याची फ्लॉपी कचेरीवाल्यांनी दिलीच नव्हती, आणि ज्या कंपनीने तो कप्पा बनवला ती आता दुसरंच काहीतरी बनवत होती.

मग सुरू झाली वणवण. कानिफनाथ सकाळच्या एसटीने नगरला जायचा, संध्याकाळी खिशात एक फ्लॉपी घेऊन यायचा. ती घालायचा, यंत्र बंद करून चालू करायचा आणि पडद्याकडे बघत बसायचा. पडद्यावर इंग्रजीत उमटायचं: असं कोणतंही उपकरण सापडलं नाही. डोळ्यांसमोर तो कप्पा आत-बाहेर करतोय, आणि यंत्र म्हणतंय सापडला नाही! मला तर वाटायचं एक ठेवून द्यावी त्याच्या डोक्यात. यंत्राच्या.

पुण्याच्या एका दुकानदाराने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, पाठवतो. पार्सल आलं, कानिफनाथने ते फोडलं, आणि कपाळावर हात मारला. त्यात ड्रायव्हर होता, अगदी हवा तो. पण सीडीवर! पेटीची किल्ली पेटीत ठेवून पेटी लावावी, तसला प्रकार. मला हसू फुटलं. त्याचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. नगरला नेऊन फ्लॉपीवर उतरवायला पाहिलं, तर ते सगळं एका फ्लॉपीत मावेना.

"अरे, मग ती ओव्यांचीच सीडी ने ना नगरला," मी म्हणालो. "कुणाच्याही मशीनवर लाव, कॅसेटवर भरून घे, की झालं."

"मामा, तुम्हाला काय वाटतं, मी इचारलं नसंल?" तो म्हणाला. "आई सोडंना."

वहिनींनी सीडी देव्हाऱ्यात ठेवली होती, खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी. मी स्वतः त्यांना समजवायला गेलो, तर माझ्यावरच उसळल्या. "भागूला यष्टीत धक्के खायला न्हेता व्हय? जल्मभर बैलगाडीत अन् ट्रकात धक्केच खाल्ले तिनं. आता ती घरी आलीय. हितंच बोलंल ती, आपल्या पोरीसमोर." मी परत आलो. चोरून न्यावी, असंही कानिफनाथच्या मनात येऊन गेलं. पण आईच्या देव्हाऱ्यात हात घालणं त्याच्याच्याने झालं नाही. मी त्याला बावळट म्हणालो. माझ्यानेही झालं नसतं, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी झाली. टोळ्या कारखान्यांवर गेल्या, गल्ली अर्धी रिकामी झाली. कानिफनाथ सुकत चालला होता. पत्रिकांची कामं पडून राहायची. वृषाली चहा घेऊन दुकानात यायची आणि काही न विचारता उभी राहायची. तिने एकदा तरी विचारावं, असं मला वाटायचं. तिचं ते न विचारणं त्याला जास्त लागत होतं.

आणि मग हळदीच्याच सकाळी नगरहून जीपवाल्याच्या हाती रुमालात बांधलेली एक फ्लॉपी आली. जुनी यंत्रं मोडून विकणाऱ्या रमीजने ती भंगारातून शोधून पाठवली होती. मी नवरदेवाच्या भावाचा सदरा शिवत होतो. भिंतीपलीकडून आरोळी आली, "मामा! दिसली! दिसली!" मी बाही तशीच सुईखाली टाकून पळालो. पडद्यावर सीडीचं एवढंसं चित्र उमटलं होतं. कानिफनाथ ते बोटाने दाखवत होता.

वहिनींनी सीडी पदरात धरून आणली. वृषाली हळदीच्या साडीत दाराशी उभी राहिली. कप्पा बाहेर आला, आत गेला. यंत्र घरघरलं, थांबलं. पुन्हा घरघरलं. बराच वेळ ते तसंच दम खात राहिलं, आणि मग पडद्यावर पाटी आली, की तबकडी वाचता येत नाही. कानिफनाथने पुण्याहून आलेली ती दुसरी सीडी घातली. ती झटक्यात उघडली. म्हणजे कप्पा ठीक होता, ड्रायव्हर ठीक होता.

त्याने ओव्यांची सीडी उजेडात तिरपी धरली. मीही वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंनी बारीक बारीक गोल ओरखडे, आणि ओव्या ज्यात भरलेल्या असतात तो वरचा चंदेरी थर जागोजागी उडालेला. आरपार दिसत होतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हिला काय लावलं हुतं का?"

"लावायला काय? दसऱ्याला समदे टाक घासले, तवा तिलाबी घासली. चिंच लावून, राखंनं, दोन्ही अंगांनी. देव तेवढे लखलखीत करायचे, अन् माझ्या बहिणीला तसंच ठिवायचं व्हय?" त्या कौतुकाने सांगत होत्या. मग त्याच्या तोंडाकडे बघून थबकल्या. "का रं? बोलंना का ती?"

आता हा सांगणार, आणि ही बाई इथंच कोसळणार, असं मला वाटलं. कानिफनाथने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग पडदा बंद केला.

"ड्रायव्हर चुकीचा आला, आई," तो म्हणाला. "दुसरा मागवावा लागंल."

"मेल्यांना एक धड धाडता येईना," वहिनी म्हणाल्या आणि सीडी पदराने पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून आल्या.

दुपारी ओट्यावर जातं मांडलं. गल्लीत उरल्या होत्या तेवढ्या बायका जमल्या. जात्याशेजारी यंत्रासाठी सारवून ठेवलेली जागा तशीच रिकामी राहिली. वहिनींनी खुंट्याला हात घातला आणि स्वतःच ओवी धरली. "हळद दळिते गं, जात्या फिर हळूहळू..." आवाज चिरका लागला. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. पुन्हा पहिलीच म्हणाल्या, पुन्हा तिथंच अडल्या. "फुडलं भागूलाच येत हुतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात थांबला. बायकांपैकी कुणालाच पुढचं येत नव्हतं.

वृषालीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि जातं फिरवायला लागली.

"ऱ्हाऊ दे मावशी," ती म्हणाली. "दादा आणंल की दुसरा ड्रायव्हर. मी म्हायेराला आले की ऐकू. व्हय ना रं दादा?"

कानिफनाथ दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "तू ये. तवर आणून ठिवतो."