यंत्राच्या पोटातलं

संगणकावर इमारतीचा उभा छेद घेतला की भिंती, जिने खरवसासारखे अलगद कापले जातात. मी स्वतः रचलेलं हवा थंड करायचं यंत्र मात्र आज अख्खंच उभं राहिलं, आतलं काही दाखवेना. शाळा अर्धवट सोडून मस्कतला इमारतींचे नकाशे काढायच्या कामावर आलेला मी. वाटलं, गेली नोकरी.

शेजारच्या टेबलावरच्या वैशालीताई हसल्या. "अरे बाबा, भिंत आपोआप कापली जाते. आपण बनवलेलं यंत्र नाही. त्याच्या पोटातलं आपणच रेषांनी काढून द्यायचं." पहिली नळी त्यांनीच काढून दिली. केवढे उपकार.

मी आतला पंखा काढत राहिलो आणि मन तरंगत घरी गेलं. आई रोज फोनवर विचारते, कसा आहेस. मी म्हणतो, मजेत. तिला तरी आतलं कुठून दिसणार?

संध्याकाळी म्हटलं, "आई, इथे भीती वाटते गं."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "बोल."