विहीणबाईंचं दरबारी इंग्रजी

आज या घटकेला, अख्ख्या पृथ्वीवर, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पोळ्या लाटता लाटता बोलणारी एकच बाई शिल्लक आहे आणि ती सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ती बाई माझी विहीण, माझ्या मुलाची सासू. मुलगा आणि सून असतात इंग्लंडात, म्हणजे खुद्द इंग्रजांच्या देशात, पण तिथेही असं कोणी बोलत नाही. मी मुलाला विचारून खात्री करून घेतली आहे. 'तू'ला 'दाऊ', 'तुला'ला 'दी', आणि काही सांगायचं असलं की आधी 'हार्क', म्हणजे कान देऊन ऐका. आता मी पुण्याजवळच्या मांजरी गावची, उसाच्या रानातली, सातवीपर्यंत शिकलेली. माझं इंग्रजी खताच्या गोण्या आणि बियाणांची पाकिटं वाचून वाचून जमवलेलं. म्हणून विहीणबाई लिहितात इंग्रजीत आणि मला समजावतात जुन्या दरबारी मराठीत, 'कळावे जे', 'सबब', 'हुकूम जाहला' अशा थाटात. मीही तुम्हाला तसंच सांगते, कारण खरी मजा त्यातच आहे.

हे वेड आलं कुठून, तर त्या तीस वर्षं एका वकिलाकडे टायपिस्ट होत्या. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, सगळं त्या जुनाट लांबलचक इंग्रजीत. "तीस वर्षांत त्या भाषेतलं वाचून एक माणूस हसला नाही हो," त्या मला म्हणाल्या, "त्याची भरपाई आता करतेय." भरपाईची सुरुवात आमच्यापासूनच झाली. साखरपुड्याला त्यांनी मला मानाची साडी दिली आणि घडीत जाड कागदावर सुंदर अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं. घरी येऊन आम्ही कागद उलगडला. माझा भाचा लोणी काळभोरला इंजिनिअरिंग शिकत होता, त्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "मावशी, ही कोर्टाची नोटीस हाय वाटतं." आमच्या ह्यांचा तर घासच अडकला. लग्न ठरतंय तोवर नोटीस? आठ दिवस आम्ही त्यांच्या फोनची धास्ती घेतली. नंतर कळलं, त्यात लिहिलं होतं की ही साडी तुम्हाला आणि तुमच्या वंशजांना यावच्चंद्रदिवाकरौ बहाल केली असून नेसताना कोणी आडवं आल्यास त्याने आमच्याशी लढाई करावी.

एकदा त्यांच्या फाटकात एक क्लासचा मुलगा रोज स्कूटर आडवी लावायचा. विहीणबाईंनी स्कूटरवर दहा ओळींचं फर्मान चिकटवलं. दुसऱ्या दिवशीपासून फाटकात चार स्कूटरी. एक त्याची आणि तीन ते वाचायला थांबणाऱ्यांच्या. "लोकांना आवडलंय," विहीणबाई खिडकीतून बघत म्हणाल्या. मी म्हटलं, "आवडलंय खरं, पण स्कूटर काढा असं त्यात कुठं लिहिलंय?" त्यांनी चष्मा वर केला. "सातव्या ओळीत आहे. सूचक."

पण हे सगळं सरावाचं. खरी पत्रं जायची आमच्या दोघींच्या नातीला, रेवाला. तिला मराठी समजतं मोडकंतोडकं, वाचता येत नाही. मला तिच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलता येत नाही. तेव्हा तिच्यापर्यंत जायचा माझा रस्ता म्हणजे विहीणबाईंचं पेन. एका वर्षी मी डिंकाचे लाडू पाठवले. सोबतच्या पत्रात विहीणबाईंनी लिहिलं की हे दक्षिणेतून आलेले तोफगोळे असून ते शस्त्रागारात जपून ठेवावेत. पोरीने हुकूम तंतोतंत पाळला. बुटांच्या खोक्यात भरून पलंगाखाली ठेवले आणि शत्रूची वाट बघत बसली. दोन महिन्यांनी सुनेला मुंग्या दिसल्या. पाव किलो डिंक, गावरान तूप, आणि शत्रू काही आला नाही. "ती हसली होती हो पत्र वाचून," विहीणबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. हसली असेल. पण लाडू माझे होते.

मग गेल्या वर्षी, रेवा नऊ वर्षांची असताना, तिच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं. पहिल्या तारखेला पोरगी बाथरूममध्ये आतून कडी लावून बसली, ती वेळ टळेपर्यंत बाहेर आली नाही. दुसरी तारीख मिळाली ती गुरुवारची. मंगळवारी सुनेने आम्हा दोघींना एकाच वेळी फोनवर घेतलं आणि रडवेली होऊन तिच्या आईला म्हणाली, "आई, ती माझं ऐकत नाही. तीन गोष्टी विचारते. दुखेल का, तू असशील का, आणि मी परत उठेन का. मी काही सांगितलं तरी म्हणते, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. तुझं पत्र ती उशाशी ठेवते. लिहिशील?"

मी बस पकडून तडक पेठेत. जाईपर्यंत विहीणबाईंचा खर्डा तयार होता, आणि काय सांगू, अप्रतिम होता. कंठदुर्गात दोन गाठींनी फितुरी केली आहे, सबब राजवैद्य नंगी तलवार घेऊन निघाला असून सूर्यास्तापूर्वी दोघींचा शिरच्छेद होईल. मी हसून हसून डोळे पुसले. आणि पुसता पुसता थांबले.

"काय झालं?"

"तलवार नको, विहीणबाई."

"तलवार काढली तर राहिलं काय? तिला कळतं मी थट्टा करते ते."

"लाडू कळले होते का?"

त्यांनी खर्डा पुन्हा वरपासून खाली वाचला. मग स्वतःच खर्ड्यावर एक आडवी रेघ मारली, शिरच्छेदाच्या बरोबर मधून. "तिचे तीन प्रश्न पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितले. "यांची उत्तरं सरळ लिहायची. दरबार त्यांच्या भोवती उभा करू, त्यांच्या अंगावर नको."

मी म्हटलं, "दुखणार नाही असंच लिहा ना. पोर निर्धास्त जाईल."

"नाही. तीस वर्षं टाइप केलंय, सहीच्या वर खोटं लिहीत नाही."

मग जे झालं ते असं: लाडक्या राजकन्येस कळावे जे, कंठदुर्गातील दोन फितुरांस हद्दपारीचा हुकूम जाहला आहे. तुला झोप लागेल, झोपेत काही कळणार नाही. तू उठशील. उठशील तेव्हा आई शेजारी असेल. घसा दुखेल, बरेच दिवस दुखेल, मग थांबेल. सबब सरकारातून रोज आइस्क्रीमची नेमणूक करण्यात येत आहे. फोटो काढून मीच पाठवला. फोन मला त्यांच्यापेक्षा बरा जमतो.

गुरुवारी आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो. अर्धा किलो मटार आणि तोंडातून एक शब्द नाही, जुना नाही की नवा नाही. संध्याकाळी सुनेचा निरोप आला, पोरगी छापून घेतलेल्या पत्राची घडी मुठीत धरून चालत गेली, आणि उठली आहे. आणि दहाव्या दिवशी रेवाचं स्वतःचं पत्र, थेट दरबारी इंग्रजीत. 'हार्क'पासून सुरुवात. विहीणबाई मोठ्याने वाचू लागल्या. फितूर गेले. आइस्क्रीम हुकमाप्रमाणे मिळाले. 'दुखेल असे तू लिहिले होतेस, आणि ते दुखले, म्हणून ते थांबेल हेही खरे असणार हे मला कळले.' इथे त्या थांबल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. "पुढचं तुम्ही वाचा. प्रकाश कमी आहे." दिवा लागलेला होता. मी गोण्यांवरची अक्षरं वाचावीत तसं बोट फिरवत वाचलं. पुढे फक्त सही होती.

अलीकडे विहीणबाईंचा हात थरथरतो. त्या स्पेलिंगसकट सांगतात आणि मी लिहिते, माझ्या वाकड्या अक्षरात. रेवाही आता मोठी होत चालली आहे, पत्रं किती दिवस आवडतील कोण जाणे. पण अजून दर महिन्याला बसतो. तोफा, घोडे, फर्मानं सगळं होतं, मी हसते, त्या माझ्या चेहऱ्याकडे बारकाईने बघतात. शेवटी थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते. विहीणबाई खुर्चीत मागे टेकतात आणि म्हणतात, "हं, आता तुमची ओळ." मग मी, मला येतं तेवढ्या इंग्रजीत, लिहिते: बाळा, कशी आहेस ते खरं खरं कळव.