बाळंतिणीचा गूळ

आज सकाळी मी स्वतःच बोललेल्या एका वाक्याची लाज वाटली, म्हणून हे लिहिते आहे.

लेक सासरी बाळंत झाली आहे. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी गूळ आणायला गडमुडशिंगीच्या एका गुऱ्हाळावर गेले. म्हणाले, "तो पिवळाधमक द्या. विहीणबाईंसमोर उठून दिसेल."

म्हाताऱ्या गुळव्यानं विचारलं, "कुणासाठी?"

सांगितलं, तसा त्यानं ढेपेवरचा हात काढला. "बाळंतिणीला त्यो नको, अक्का. त्यात रंग उजळायची पावडर हाय. आमच्या घरात काळाच खात्यात."

"आणि बाकीच्यांच्या लेकींनी हा खायचा?"

"त्याबी पिवळाच मागत्यात की, तुमच्यागत! काळा गूळ व्यापारी उचलत न्हाई."



माझ्या माहेरच्या गुऱ्हाळात रानभेंडीच्या रसानं उसाच्या रसातली मळी काढत. गूळ काळपटच व्हायचा. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून उसाच्या कांड्यावर गरम गूळ देत. घेणाऱ्यानं कधी रंग पाहिला नाही. आपण तो कधीपासून पाहायला लागलो?

पिवळी ढेप तिथेच ठेवली. म्हाताऱ्यानं स्वतःच्या घरातला गूळ आणून दिला.

दुपारी विहीणबाईंच्या हाती दिली: काळी ढेप एक, वर फडकं न टाकता.